माशांचा पाहुणचार

कंबर तलावाच्या काठावर दाक्षायणीनं एका परक्या माणसाला चक्क वेडं ठरवलं, आणि तेही तोंडावर.

पण माणूस तरी कसा! अंगात इस्त्रीचा शर्ट, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, आणि गार वाऱ्यात पाण्यात वाकून काहीतरी उपटतोय. उपटलेली हिरवी पात उजेडाकडं धरायचा, स्वतःशीच हसायचा, आणि काठावरच्या बिस्किटाच्या डब्यात ठेवायचा. शिवणाच्या क्लासवरून घरी निघालेली दाक्षायणी थांबली.

"काय पडलं हो पाण्यात? अंगठी का?"

"पडलं नाही काही. हे घरी न्यायचंय... लावायला."

"हे गवत? गाय हाय का तुमच्याकडं?"

"काचेची पेटी आहे. तिच्यात पाणी भरायचं, आणि पाण्यात बाग करायची."

"वेडे आहात की काय तुम्ही!"

तो मोठ्यानं हसला, आणि ते हसू तिच्या कानात पार मंगळवार पेठेतल्या घरापर्यंत राहिलं. उंबरा ओलांडते तर काय — सोप्यात अप्पांच्या शेजारी, ओल्या पँटनिशी, चहा पीत तोच बसलेला! ती मैत्रिणीकडं टेकली तेवढ्यात हा पठ्ठ्या सायकलवरून पुढं आला होता. माडीवरची खोली घेतलेला नवा भाडेकरू. नाव सिद्धाराम, अक्कलकोटकडचा, उजनी धरणाच्या ऑफिसात नकाशे काढणारा.

"ही आमची दाक्षायणी," चादरींचे व्यापारी तिप्पण्णा, म्हणजे तिचे अप्पा, कौतुकानं म्हणाले.

"हो, ओळख झाली मघाशी. त्यांनी लगेच ओळखलं मला," तो म्हणाला.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती जी आत पळाली ती जेवायलासुद्धा उशिरा आली.

माडी जुन्या मातीच्या माळवदाची, तिच्यावर एवढ्या पाण्याचं ओझं कोण ठेवणार? म्हणून पेटी खाली सोप्यातच मांडायची ठरली. लोखंडी अँगलची चौकट, चारी बाजूंना काचा, सांध्यांत पुट्टी. सीना नदीची वाळू त्यानं पाणी नितळ निघेपर्यंत पुन्हा पुन्हा धुतली. तलावातल्या पाती एकेक करून वाळूत रोवायच्या होत्या. दोन हात कमी पडतात म्हणाला. खरं तर पडत नव्हते, पण दाक्षायणीनं कशाला वाद घालावा?

"मुळं वाळूत, मान बाहेर. दाबू नका, गुदमरेल ती... आणि बांगड्या काढा, काचेला लागतील."

"बांगड्या काढायच्या नसतात."

"बरं — मग मी काच जपतो."

पाण्यात त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. दोघांनीही हात काढला नाही, आणि दोघंही वाळूकडंच बघत राहिले.

पेटी तयार झाली तरी त्यानं मासे काही आणले नाहीत. रोज पेटीवरची ट्यूब लावायचा, पिवळं पान खुडायचा, नवी पात फुटली की लहान पोरासारखा दाक्षायणीला हाक मारायचा. घरातली सगळी हसायला लागली. तिची आत्या निंगव्वा तर म्हणाली, "नवरा-नवरी न्हाईत आन् मांडव तेवढा घातलाय बाबानं!"

"मुळं धरू द्या की आत्या," तो म्हणाला. "घर बसल्याशिवाय बोलवायचं कसं कुणाला?" हे बोलला आत्याशी, बघितलं दाक्षायणीकडं.

मग एकदा तो पुण्याहून चार एंजल मासे घेऊन आला. चंदेरी अंग, काळे पट्टे, आणि पातींमधून असे संथ फिरायचे की बघणाऱ्याचं काम राहून जायचं. दाक्षायणीची आई काशम्मा आधी कुरकुरली. लिंगायताच्या घरात मासे? लोक काय म्हणतील? पण एक मासा काचेशी येऊन तिच्याकडं तोंड उघडून बघायला लागला, आणि ती विरघळली. "जीव हाय बिचारा. आपल्या दारी आलाय."

आता काशम्माच्या दारी आलेला, मग तो गारुडी असो की पोस्टमन, तोंडात घास घातल्याशिवाय परत जायचा नाही. त्याला वाढल्याशिवाय घरातलं कुणी पाटावर बसायचंही नाही. पेठेत त्या घराचं नाव होतं ते यासाठीच.

संक्रांत झाली आणि सिद्धारामला धरणाच्या जागेवर मुक्कामी जायचा हुकूम आला. जाताना त्यानं माशांच्या खाण्याच्या भुकटीची डबी दाक्षायणीच्या हातात दिली. "सकाळी एकदाच. चिमटीत मावेल एवढंच. मागतील, पण द्यायचं नाही." थोडा घुटमळला. "आणि... येताना मी आईला घेऊन येणार आहे. अप्पांशी बोलायला. चालेल ना?"

तिनं डबी घट्ट धरली. "मासे सांभाळते की मी," एवढंच तिला बोलता आलं. पण गालांवर काय लिहिलं होतं ते त्याला वाचता येत होतं. शीळ घालत गेला गडी.

पहिले दोन दिवस तिनं चिमटीनंच खायला घातलं. पण दुपारी ती जेवायला निघाली की मासे काचेशी यायचे, तोंडं उघडायचे... तिला वाटायचं, तोच परगावाहून आलाय आणि आपण त्याला नुसतं पाण्यावर बसवलंय. घास घशाखाली उतरायचा नाही. मग दुपारी एक चिमूट. संध्याकाळी अर्धी. कुणाला दिसू नये म्हणून पदराआडून.

पाणी तांदळाच्या धुवणासारखं झालं. वास यायला लागला. घाबरून तिनं पाणी बदललं, पण उशीर झाला होता. एका सकाळी ती उठली तर मासे पाण्यावर आडवे तरंगत होते.

ती रडली, अगदी तोंडात पदर कोंबून रडली. परसात जाईच्या वेलाखाली खड्डा करून तिनं त्यांना पुरलं, वर चिमूटभर विभूतीही टाकली. मग अप्पांच्या दुकानातली चादर पेटीवर पांघरली आणि सगळ्यांना सांगितलं, "ते म्हणालेत, थोडे दिवस उजेड नको." आई बरं म्हणाली. आत्या बरं म्हणाली. अप्पांनी तर तिकडं बघितलंसुद्धा नाही. कुणीच काही विचारलं नाही, आणि खोटं पचलं म्हणून तिला आणखीच लाज वाटली.

एवढंसं काम सांगितलं होतं त्यानं. त्यातही स्पष्ट बजावलं होतं, द्यायचं नाही म्हणून. भरल्या घरात जिला चार मुके जीव जगवता आले नाहीत, तिनं कुणाच्या घरची सून व्हायचं? आरशासमोर वेणी घालताना ती स्वतःच्या डोळ्यांकडं बघायची नाही.

तो आला. बरोबर त्याची आई मल्लव्वा. हिरवं इरकल लुगडं, कपाळभर भस्म, मोकळी हसणारी बाई. सोप्यात चटया अंथरल्या गेल्या. स्वयंपाकघरात काशम्मानं चहाचा ट्रे लेकीच्या हातात दिला, तर लेकीनं तो खाली ठेवला.

"मला नको हे स्थळ."

"काय? अगं, दिवसभर त्या पेटीसमोर बसायचीस ती काय गवत बघायला? आवाज जाईल की बाहेर!"

आवाज गेलाच होता. सोप्यातली बोलणी थांबली. मग सिद्धारामचा आवाज आला, अगदी हळू, "आई... चल. त्यांची इच्छा नाहीये."

ते ऐकलं मात्र, आणि तिच्यानं राहवेना. तशीच बाहेर आली, डोक्यावरचा पदर घसरलेला, डोळे भरलेले.

"इच्छा न्हाय असं न्हाय हो! मी... मी तुमचे मासे मारले. तुम्ही सांगितलं होतं तरी जास्त घातलं. चोरून घातलं. आणि वर खोटं बोलले. मला तुमच्याकडं बघायलासुद्धा लाज वाटते."

तेवढ्यात दारामागून निंगव्वा पुटपुटली, "एकटीनं न्हाय मारलं... मीबी घालत होते. भाकरीचा चुरा. रोज."

काशम्मा ट्रे घेऊन दारातच खिळली. "यव्वा! मी सोमवारी गव्हाची हुग्गी घातली की! गोडाधोडाचा दिवस, म्हटलं त्यांना कसं वगळायचं?"

सगळ्यांच्या नजरा तिप्पण्णांकडं वळल्या. पेठेत ज्यांच्या शब्दाला वजन, त्या अप्पांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "फुटाणे," ते म्हणाले. "बारीक करून घालायचो. दुकानाला जाताना."

मल्लव्वाला हसू आवरेना. डोळे पुसत ती म्हणाली, "ज्या घरात मासं खाऊन खाऊन मरत्यात, त्या घरची पोरगी माझ्या पोराला काय उपाशी ठिवती व्हय! पोरी, येतीस का आमच्याकडं?"

सगळी हसली. सिद्धाराम मात्र हसला नाही. तो उठून पेटीपाशी गेला आणि चादर बाजूला केली. पाती उजेड शोधत लांब वाढल्या होत्या, काचेवर रेलल्या होत्या, आणि त्यांच्यात एकही मासा नव्हता. तो बघत उभा राहिला. दाक्षायणी त्याच्यामागं जाऊन थांबली.

"रागावलात?"

"वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? लांबून आणले होते..." त्यानं काचेवरचा थेंब बोटानं पुसला. "पण त्यांचं काय झालं ते कळलं तरी. तू नको म्हणालीस ते का, ते कळलं नसतं तर मी जन्मभर कारण शोधत बसलो असतो."

तो तिला पहिल्यांदाच तू म्हणाला होता.

"कुठल्या तोंडानं हो म्हणायचं होतं मी?"

"याच तोंडानं. रडून लाल झालंय, पण मला हेच आवडतं."

"चेष्टा करताय?"

"नाही गं..." त्यानं चटईवरच्या आईकडं बघितलं. "आई केव्हाची थांबलीय. तिला काय सांगू?"

असल्या वेळी मुलीनं मान खाली घालायची, आणि उत्तर बापानं द्यायचं, ही त्या घराचीही रीत होती. तिप्पण्णांनी घसा खाकरलासुद्धा. पण दाक्षायणीनं मान वर केली. चेहरा अजून ओला होता, लाज अजून गेली नव्हती, आणि तरीही ती सगळ्यांदेखत मल्लव्वाकडं वळली.

"येते की," ती म्हणाली.