मशीन गेलं, मास्क राहिला

"सगळं स्वदेशी म्हणे! मग ही लिफ्ट काय गावच्या सुताराने केली?" लिफ्टमध्ये कुणीतरी पुटपुटलं. खासगी गुप्तहेर स्वप्नालीने ऐकलं, हसू दाबलं आणि तिसऱ्या मजल्यावर उतरली. मागोमाग तिचा मदतनीस यतीन.

सिल्व्हर पार्कमधल्या या सोसायटीत आज संध्याकाळी परदेशी मालाची होळी होती. आणि सेक्रेटरी हरिश्चंद्रांच्याच घरातून त्यांच्या बायकोचा नेब्युलायझर, दम्यावर औषधाची वाफ घ्यायचं मशीन, नाहीसा झाला होता. सून दिव्याने स्वप्नालीला बोलावलं होतं.

दिव्याच्या सासूबाई, उर्मिलाकाकू, पलंगावर धापा टाकत होत्या. उशाशी मास्क आणि नळी तशीच पडलेली.

"इनहेलरच्या पंपाने तात्पुरतं भागलंय," दिव्या म्हणाली. "पुन्हा दम लागला तर मशीन हवंच, ताई."

स्वप्नालीने मशीन ठेवायच्या टेबलावर बोट फिरवलं. तेलकट. खोबरेलाचा वास.

यतीनने कामवाल्या पिंकीच्या चपचपीत वेणीकडे पाहिलं. "ही बघा चोर!"

"अरे भैया, मी तर आत्ता आले," पिंकी फणकारली. "मशीन तर सकाळपासूनच नाही म्हणतात ना?"

सोसायटीचा खजिनदार नीरज होळीचा माल गोळा करायचं पोतं घेऊन दारात आला. "मी नाही नेलं. हरिश्चंद्रकाकाच काल बोलले, आमच्याकडे परदेशी काहीच नाही. कमिटी आज आधी त्यांचंच घर बघणार आहे."

हरिश्चंद्रांनी टकलावरून रुमाल फिरवला. "त्या पोत्यातच गेलं असेल."

"नाही काका," स्वप्नाली म्हणाली. "विकणारा काय, जाळणारा काय, मास्क-नळीसकट नेईल. नेणाऱ्याला फक्त मशीन हवं होतं. कारण बनवणाऱ्या देशाचं नाव छापलेलं स्टिकर मशीनच्या पाठीवर असतं. स्टिकरचा चिकटा घरोघरी खोबरेलानेच काढतात."

"मग पिंकीच!" यतीन म्हणाला.

"पिंकीला कमिटीची कसली भीती? काका, तुमच्या डोक्यावर एक केस नाही. मग बाहीला खोबरेल कसं?"

हरिश्चंद्रांनी बाही मागे लपवली. मग मुकाट्याने माळ्यावरून टॉवेलात गुंडाळलेलं मशीन काढलं. "लगेच परत ठेवणार होतो. तेल आत गेलं. सुरूच होईना."

नीरजने पोतं खाली ठेवलं.

"वासावरून मला सकाळीच कळलं होतं, तुम्ही आपणहून सांगाल म्हणून थांबले," उर्मिलाकाकू श्वास सावरत म्हणाल्या. "माझा जीव गेला असता तरी चाललं असतं तुम्हाला. लोक हसले नाहीत म्हणजे झालं."