आंदणाची गाडी

धाकटा भाऊ राजेश्वर आपणहून बोलला याचाच नागुबाईला आधी धक्का बसला. तो काय बोलला ते नंतर कळलं.

"अक्का, गाडीच्या पुस्तकावर नाव तुझं हाय. इकायला सही तुझीच लागतीय."

म्हणजे गाडी चालली होती... जी एकोणपन्नास वर्षं कुठंच चालली नव्हती, ती!

इटलीत जन्मलेली ती लांब नाकाची, दोन दारांची लान्चिया आधी हैदराबादच्या एका नवाबाची. नवाबाचा खटला जिंकणाऱ्या परभणीच्या वकिलाकडं ती फीपोटी आली. पण वकीलसाहेब एकदा आत बसले की दोन माणसांनी ओढल्याशिवाय बाहेर निघत नसत, म्हणून त्यांनी ती सोनपेठच्या कापडवाल्या वीरभद्रअप्पांना देऊन टाकली. अप्पांनी लेकीच्या लग्नाचं आंदण म्हणून ती नागुबाईच्या नावावर केली. असे चार मालक. पैकी चौथीला सायकलसुद्धा येत नव्हती.

लग्नाच्या दिवशी गाडी पिंगळी स्टेशनवर नवरदेवाला आणायला गेली आणि येताना अर्ध्या वाटेत, कापसाच्या रानात बंद पडली. नवरदेव बाशिंग सावरत दोन तास बांधावर बसला. बैलगाडी मिळेपर्यंत मुहूर्त टळला, वरबापानं अपशकुन मानला आणि वऱ्हाड संध्याकाळच्या गाडीनं परत गेलं. लान्चिया बैलांनी ओढत सोनपेठला आणली. अपशकुनी गाडीला हात कोण लावणार? मिस्त्री कुणी बोलावला नाही, शांतीच्या पूजेला जंगम मात्र तीनदा बोलावले. दर दसऱ्याला तिला विभूती आणि झेंडूचा हार... घरातल्या चालत्या मोटारसायकलीच्या आधी, कारण मान वयाचा!

नागुबाई घरातच राहिली. आई लग्नाच्या वर्षभर आधीच गेलेली, राजेश्वर तेव्हा चार वर्षांचा. तिनं त्याला वाढवलं, शिकवलं, त्याचं लग्न लावलं. तो शाळेत हेडमास्तर झाला आणि जसजसा मोठा झाला तसतसा तिच्याशी बोलेनासा झाला. एका घरात, एका चुलीवर, भाजीत मीठ आहे की नाही एवढंच बोलणं उरलं. रोज दुपारी ती पत्र्याच्या शेडात जाऊन गाडीत बसे... त्या विशाल, निःशब्द एकांतात तिचं हृदय कुणापाशी काय बोलत असेल, हे विचारायला कुणीही आलं नव्हतं.

आज राजेश्वर आला, तेव्हाही ती आतच, पलीकडच्या सीटवर बसली होती. पुण्याच्या गिऱ्हाइकानं गाडी तपासायला धाडलेला परभणीचा मिस्त्री बन्सीधर मागं टाकी उतरवत होता. उजवं दार गंजून कायमचं बसलेलं. चालू दार एकच, डावं, स्टेअरिंगच्या बाजूचं, आणि त्यात नागुबाई अर्धी वीट अडकवून ठेवायची. राजेश्वर त्या दारानं आत बसला, वीट पायानं सारली आणि दार ओढून घेतलं.

"आता हे आतून उघडत न्हाई," नागुबाई शांतपणे म्हणाली.

हेडमास्तरांनी कडी खेचली. कडी हातात आली.

मग हातातल्या कडीकडं बघत तोच म्हणाला, "हिच्यापायी तुझा जन्म गेला. तू रोज हितं येऊन त्या माणसासाठी रडतीस, अन् तुझ्या जिवावर वाढलेल्या मला तोंड दाखवायची लाज वाटती. म्हणून इकायलोय."

नागुबाई चकित झाली. नवरदेवाचा चेहरासुद्धा तिला आठवत नव्हता!

"त्याच्यासाठी कशाला रडू? मी गाडीची माफी मागती." ती म्हणाली. "मीच टाकीत गूळ टाकला होता, राजा. हळद लागल्यापासून तू माझा पदर सोडंना. जेवायलाबी सोडंना. तुला टाकून कशी जाऊ... म्हणून मीच बंद पाडली. बिचारीला उगंच अपशकुनी म्हणले सगळे."

राजेश्वरच्या डोळ्यांतून अश्रू ओघळले. तेवढ्यात खिडकीत बन्सीधरचं डोकं आलं. त्याच्या तळहातावर सुपारीएवढे काळे खडे होते.

"सर, टाकीत गूळ निघाला. चाखून बघितला, गूळच हाय."

"त्यानंच बंद पडली ना?" नागुबाईनं विचारलं.

"न्हाई वो, मावशी. गूळ पेट्रोलात इरघळत न्हाई. कोपऱ्यात चिकटून बसलाय, नळीपर्यंत गेलाच न्हाई. तळ बी कोरडा हाय. पेट्रोल आत वाळलं असतं तर डिंकावानी थर दिसला असता. काटा अडकलाय भरलेल्या टाकीवर. पेट्रोल संपलं होतं, दुसरं काय न्हाई."

नागुबाई खड्यांकडं पाहत राहिली. एकोणपन्नास वर्षं जपलेला अपराध... आणि त्याच्याच पोटात जपलेला, कुणालाही न सांगितलेला तो एकुलता एक त्याग, दोन्ही एका क्षणात रिते झाले!

"म्हणजे मी कायच केलं न्हाई," ती पुटपुटली.

"त्याच्यानंतर किती स्थळं आली?" राजेश्वरनं विचारलं.

"...तीन."

"त्या टायमाला गाडी कुठं होती?"

"हितंच. शेडात."

"मग त्यांना कुणी परत धाडलं, अक्का?"

पन्नाशी उलटलेल्या हेडमास्तरांनी तिच्या पदराचं टोक हळूच मुठीत घेतलं.

"सर, दार उघडू का बाहेरून?" बन्सीधरनं विचारलं.

"नको," राजेश्वर म्हणाला. "टाकी बसवा परत. आमी बसलोय हितं."