टरफलांचं भांडं

"पळ टिकले! पुन्हा सुरू झालं!" ढब्बू ओरडला, तशी टिकली तोंडातला घास तसाच ठेवून मावशीच्या प्रयोगशाळेमागे धावली.

जाळीच्या मोठ्या पिंजऱ्यातली चाळीस पाखरं नुसती सैरभैर झाली होती. या दांडीवरून त्या दांडीवर, तिथून थेट जाळीवर! एकाच्या कपाळावर तर रक्तही दिसलं.

"यांना निघायचंय," पाखरांचा अभ्यास करणारी मावशी काळजीने म्हणाली. "ही काही दरवर्षी मुक्काम हलवत नाहीत. दाणापाणी असलं की राहतात. आटलं, की रक्तातलं एक हार्मोन वाढतं आणि यांना एका जागी बसवत नाही. काल तपासलं, तर दुप्पट!"

"मग द्या सोडून!" प्रयोगशाळेचे मोठे साहेब दारातूनच म्हणाले. "चार वाजता जाळी उघडा. विषय संपला!"

"पण दाणे तर आहेत ना?" टिकलीने विचारलं.

"काठोकाठ!" राखणदारकाकांनी लांबूनच भांड्याकडे बोट दाखवलं. "रोज बघून सही करतो मी!"

सगळे चहाला गेले. टिकलीला मात्र चैन पडेना. पोट भरलेलं असताना हार्मोन वाढलंच कसं?

"आत जायचं? बोलणी खावी लागतील!" ढब्बू कुजबुजला.

"खाऊ की! या बिचाऱ्यांना तेवढंही मिळत नसेल."

आत शिरून, मागचं दार नीट लावून तिने भांड्यात खोलवर हात घालून मूठ भरली आणि तिच्यावर फुंकर मारली. फूऽऽ! टरफलंच टरफलं उडाली! हातात उरले मोजून पाच-सहा दाणे.

चारला साहेब किल्ली घेऊन आले.

"काका, त्या भांड्यातून मूठभर दाणे द्या ना," टिकली गोड आवाजात म्हणाली. "मिळाले, तर सुट्टीभर पिंजरे मी झाडीन!"

काकांनी ऐटीत हात घातला. मूठ उघडली आणि त्यांचा चेहरा पडला. पाखरांनी दाणे सोलून खाल्ले होते. टरफलांनी भांडं भरलेलंच दिसत होतं!

"ही उपाशी आहेत, साहेब! अशी उडाली तर वाटेतच पडतील!" टिकली म्हणाली.

साहेबांनी किल्ली खिशात टाकली. काका दाण्यांची गोणी आणायला धावले.

तीन दिवसांनी मावशीने पुन्हा रक्त तपासलं. हार्मोन उतरलं होतं!

"थेंब तपासत बसले मी, पण भांड्यात हात घालायचं सुचलं नाही!" तिने टिकलीला जवळ घेतलं. "शाबास गं पोरी!"

साहेबांनी टिकली आणि ढब्बूशी हात मिळवला. "माझी घाई पाखरांच्या जिवावर बेतली असती," ते हळूच म्हणाले.

पिंजऱ्यात जखमी कपाळाचं पाखरू पिसं फुगवून, डोळे मिटून निवांत बसलं होतं.