पांढऱ्या होडीचं खरं नाव

"मुंडी खाली घे, हिरे! कुत्रा इकडेच बघतोय!"

जिवल्याने हिराचं डोकं असं काही दाबलं की तिच्या नाकात खाडीचा चिखल शिरला. एरवी तिने त्याला तिथल्या तिथे बदडून काढलं असतं. पण आत्ता ओरडायची सोय नव्हती. तिवरांच्या झुडपात तिघं पालथी पडली होती: दिवाळीच्या सुट्टीत पालघरहून चिंचणीला मामाकडे आलेली तेरा वर्षांची हिरा, तिचा मामेभाऊ जिवल्या, आणि त्याची धाकटी बहीण चिमी. चिमीला आणायचं नाही असं ठरलं होतं, म्हणून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

समोर तारेचं कुंपण, आणि कुंपणाआड खंडेरावाची गोदी. खाडीपलीकडचा हा खंडेराव जुन्या होड्या दुरुस्त करून गुजरातेकडे विकायचा. माणूस असा खवीस, की कुंपणाला टेकून कुणी विडी पेटवली तरी अंगावर कुत्रा सोडायचा.

"ती पांढरी होडी बघा," चिमी कुजबुजली. "नाळेवर बघा. सांगितलं तर खरं मानत नव्हता ना? काल खेकडे पकडायला आले ना, तेव्हा दिसलं. आजीचं नाव हाय तिथे!"

नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक. हिराने डोळे बारीक केले. आधी नुसता पांढरा रंग दिसला, नवाकोरा. मग ऊन जरा सरकलं, आणि त्या पांढऱ्याखालून चहाच्या डागासारखं फिकट पिवळं काहीतरी वर आलं. का... शी...

"काशीबाई!" जिवल्या जवळजवळ ओरडलाच. "अगं, ही आमची होडी!"

दोन महिन्यांपूर्वी, उधाणाच्या एका सकाळी, एकनाथमामाची होडी बंदरावरून नाहीशी झाली होती. तेव्हा ती निळी होती. आईचं नाव मामाने स्वतः लिहिलं होतं, काथ्याचा बोळा डांबरात बुडवून. आणि डांबर मोठं हट्टी असतं! वरून कितीही रंग फासा, ते खालून पिवळट होऊन झिरपतंच. खंडेरावाने होडीवर नवी केबिन ठोकली, रंग बदलला, पण डांबराला कोण समजावणार?

होडी गेली ते गेलीच, पण त्याहून वाईट निराळंच होतं. सगळं गाव म्हणत होतं, एकनाथने दोर धड बांधला नाही म्हणून होडी वाहून गेली. दर्यावर जगणाऱ्या माणसाला गाठ मारता येत नाही, याहून मोठी शिवी किनाऱ्यावर नाही. पोरंसोरं मामाला बघून "गाठ सुटली रे!" ओरडायची. सोमवारपासून तो बोईसरला कारखान्यात पोती उचलायला जाणार होता. हे आठवलं की हिराच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"आत्ता बाबांना सांगू!" चिमी उठायला लागली.

"बस खाली! कोण ऐकणार आपलं?" हिरा म्हणाली. "फोटो काढते. फोटो खोटं बोलत नाही."

हिराच्या वडिलांचा, नामदेवरावांचा, पालघरला फोटो स्टुडिओ होता. त्यांचा जुना कॅमेरा सुट्टीत हिराच्या गळ्यात असायचा. दोन डोळ्यांचा होता तो. वरच्या डोळ्याने बघायचं, खालच्या डोळ्याने फोटो निघायचा. रोल अर्थातच काळा-पांढरा. आणि बाबांचा नियम पक्का: बाहेर उन्हात फोटो काढायचा तर खालच्या डोळ्याला पिवळी काच लावूनच काढायचा, नाहीतर आकाश पांढरंफटक येतं. हिराने पिवळा फिल्टर बसवला, श्वास रोखला आणि खटका दाबला. एक. दोन. तीन.

"ए ऽ! कोण हाय रे तिकडे?"

खंडेरावाचा माणूस रामा हातात बांबू घेऊन धावत येत होता. "परत इकडे दिसलात तर तंगड्या तोडीन!" मागून चिखलाचं ढेकूळ आलं ते बरोब्बर जिवल्याच्या पाठीत बसलं. तिघं पळत सुटली.

रोल दुपारच्या एसटीच्या कंडक्टरबरोबर पालघरला गेला. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, पाकीट आलं. हिराने ते उघडलंसुद्धा नाही! थेट चंद्रभान तांडेलांच्या ओटीवर नेऊन त्यांच्या हातात दिलं. चंद्रभानकाका गावातल्या होडीवाल्यांचे पुढारी. ओटीवर दहा-बारा माणसं जाळी विणत बसली होती. एकनाथमामालाही जिवल्याने ओढत आणलं होतं.

"काका, उघडा! सगळ्यांसमोर उघडा! हा फोटोच बोलेल!"

चंद्रभानकाकांनी फोटो लांब धरला. जवळ धरला. उलटा करून बघितला.

"पोरी, हा तर मुका हाय!"

ओटीवर हशा पिकला. हिराने फोटो हिसकावला. होडीची नाळ स्वच्छ, पांढरीशुभ्र! नाव नाही, डाग नाही, काही नाही!

"पण आमी बघितलं!" चिमी किंचाळली. "तिघांनी बघितलं!"

"एकनाथ," चंद्रभानकाका आता हसत नव्हते, "जाळ्यांवरून गेल्या साली त्या काठाशी मारामारी झाली, ती अजून मिटली नाय. आणि तुझी पोरं चोरीचा आळ घेतात? उद्या डोकी फुटतील आमची! स्वतःला दोर बांधता येत नाय, तर निदान पोरं तरी बांधून ठेव."

मामा पोरांना घेऊन ओटीवरून उतरला. घरी आल्यावर मात्र फुटला. "कोणी सांगितलेलं तुमाला हे? होती ती इज्जत पण घालवलीत! शनिवारी दुपारच्या भरतीला ती होडी जाते गुजरातला. जाऊ दे! परत नाव काढायचं नाय!" मंजुळामामीने जेवायला हाक मारली, तरी तो बाहेर तसाच बसून राहिला.

हिरा रागाने धुमसत होती. राग चंद्रभानकाकांचा, खंडेरावाचा, आणि सगळ्यांत जास्त त्या मुक्या फोटोचा. डोळ्यांना दिसलेलं नाव कॅमेऱ्याला का दिसू नये? तिने काचांची डबी उघडली. पिवळी, लाल, हिरवी, निळी. पिवळी काच डोळ्याला लावून ती उगाच इकडेतिकडे बघू लागली.

"चिमे, तुझ्या फ्रॉकवरचा आमटीचा डाग कुठे गेला गं?"

"कुठे जाईल? हा काय!" चिमीने पांढरा फ्रॉक ताणून दाखवला. डाग होताच, पिवळाजर्द. हिराने पुन्हा काच लावली. डाग जवळजवळ गायब! काच काढली, डाग हजर!

"मी गाढव आहे!" हिरा ओरडली. "शंभर नंबरी गाढव!"

"ते आमाला माहीत हाय," जिवल्या म्हणाला. "पण आज काय झालं?"

"अरे, लोक जुने, डागाळलेले फोटो घेऊन येतात ना स्टुडिओत, बाबा पिवळ्या काचेतूनच त्यांचा नवा फोटो काढतात, म्हणजे पिवळे डाग दिसत नाहीत! मीच नाव पुसलं मामाच्या होडीचं! आता ही बघ." तिने निळी काच जिवल्याच्या डोळ्याला लावली. त्यातून आमटीचा डाग काळा, ठसठशीत दिसत होता.

"आयला!" जिवल्या म्हणाला.

शुक्रवारी सकाळी तिवरांत जाऊन बघतात तर गोदी रिकामी! पांढरी होडी पाण्यात उतरवून खाडीच्या तोंडाशी नांगरून ठेवली होती. तिथे लाटा, वारा आणि खाऱ्या पाण्याचे फवारे. कॅमेऱ्यात खारं पाणी गेलं की कॅमेरा मेला, हे बाबा हजार वेळा बजावत.

मग हिराने मामीकडून साखरेची प्लास्टिकची पिशवी मागून घेतली. कॅमेरा आत घातला, खालच्या डोळ्यापुरतं भोक पाडलं, त्यावर निळी काच दाबून बसवली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून भोवती आवळली. पाण्याला शिरायला फटच नाही! निळी काच उजेड फार खाते, म्हणून कॅमेऱ्याचं भिंग तिने आधीच जास्त उघडून ठेवलं.

शेजाऱ्यांचं लहान होडकं न विचारता घेऊन तिघं निघाली. जिवल्याने वल्हं धरलं. खाडीच्या तोंडाशी पहिलीच लाट तिघांच्या डोक्यावरून गेली. दुसऱ्या लाटेला चिमी देवाचं नाव घ्यायला लागली. हिराने शर्टाची बाही पिळून तिने काच पुसली.

"जवळ घे!"

"याहून जवळ घेतलं तर त्याच्या मांडीवर बसू!"

रामा होडीवरच होता. त्याने आधी शिव्या घातल्या, मग खराब पाण्याची अख्खी बादली नेम धरून कॅमेऱ्यावरच ओतली. पाणी पिशवीवरून ओघळून गेलं. हिराने पुन्हा काच पुसली आणि खटका दाबला. मग आणखी चार वेळा.

"मासळीचे फोटो काढताय? काढा, काढा!" रामा खदाखदा हसला. "उद्या आमी नसू!"

बोईसरहून दुपारची गाडी धरून, उमरोळी मागे टाकून, हिरा पालघरला पोचली ती ओल्या कपड्यांनीच. नामदेवरावांची आधी कॅमेऱ्याची काळजी करून झाली, मग मुलीची. अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली त्यांनी कागद रसायनाच्या पाण्यात सोडला. हळूहळू नाळ उमटली, आणि नाळेवर काळी, वेडीवाकडी अक्षरं: काशीबाई.

नामदेवरावांनी फोटो दिव्याजवळ धरला. "निळी काच लावायला मी तर शिकवलं नव्हतं तुला."

"पिवळीचं शिकवलंत ना," हिरा म्हणाली, "त्याच्या उलट केलं."

शनिवारी सकाळी ती पहिल्या गाडीने परतली. या वेळी चंद्रभानकाकांनी फोटो बघितला आणि ओटीवर कुणी हसलं नाही. त्यांनी सदरा चढवला. "दोन होड्या काढा. आणि एकनाथला बोलवा."

पांढऱ्या होडीचा नांगर उचलणं चाललंच होतं. फोटो बघून खंडेराव गुरगुरला, "फोटोत काय, कोण पण काय पण लिहितो!"

"मग खरवडून बघू," चंद्रभानकाका म्हणाले. "नाव नाय निघालं तर रंग मी लावून देतो."

मामाने कोयत्याच्या पात्याने रंग खरवडला. पांढऱ्याचे पापुद्रे पडले आणि खालून डांबरातलं काळंभोर नाव निघालं.

खंडेराव क्षणभर गडबडला, मग छाती काढून म्हणाला, "हो, तुमचीच! पण दर्यात वाहत आलेली, आमी धरली! तुमच्या माणसाला गाठ बांधता येत नाय, त्यात माझा काय दोष?"

आणि, काय सांगावं, सगळ्यांच्या माना मामाकडेच वळल्या! दोन महिन्यांची सवय. मामाने मान खाली घातली. हिराला वाटलं, समोरच्या प्रत्येकाला कडकडून चावावं. पण तिने आवाज मऊ केला आणि रामाकडे वळली.

"खरंच हो, रामाकाका. मामाच्या गाठी फारच ढिल्या. तुम्ही नुसती फुंकर मारली आणि सुटली असेल, नाही?"

"फुंकर?" रामा उसळला. "नखं मोडली माझी त्या गाठीपायी! अर्धा तास लोंबकळत होतो! शेवटी दोर कापला तेव्हा कुठे..."

त्याने जीभ चावली. खंडेरावाने त्याच्याकडे असं बघितलं की रामा चार पावलं मागे सरला. पण आता काय उपयोग!

एकनाथमामा पुढे झाला. "परत बोल."

"काय?"

"गाठीचं बोललास ते. जोरात बोल. सगळ्यांना ऐकू दे."

"नाय... नाय सुटली गाठ," रामा पुटपुटला. "कापावी लागली."

पोलीस पाटील आला, खंडेरावाची बोलती बंद झाली, ते सगळं यथासांग झालं. होडी चिंचणीच्या बंदराला लागली तेव्हा किनाऱ्यावर अख्खं गाव जमलं होतं. "गाठ सुटली" ओरडणारी पोरंही होती. जिवल्या त्यांच्याकडे बघत मुठी चोळत होता. चंद्रभानकाकांनी हिराच्या डोक्यावर हात ठेवला. "ज्या फोटोला मी मुका म्हणालो, त्याला तू बोलतं केलंस, पोरी. शाबास! तिघांना पण शाबास!"

मामाने दोराचं टोक काकांच्या पायाशी टाकलं. आवाजात अजून राग होता. "घ्या तांडेल. तुमीच बांधा. मला कुठे येते गाठ!"

चंद्रभानकाकांनी दोर उचलला. साऱ्या गावासमोर ते पाण्यात उतरले आणि दोर त्यांनी मामाच्या हातात दिला.

"तूच बांध, बाबा," ते म्हणाले. "आमच्या गाठी सुटतात."