मागे केक आहे

"तिसरा गिअर मागत नाहीये हो गाडी! दुसऱ्यातच राहू द्या बिचारीला."

रेसिंग ट्रॅकच्या कॅन्टीनकडे जाणाऱ्या चढावर तिची व्हॅन कण्हत होती आणि हा कोण कुठला माणूस, हेल्मेट काखेत मारून, शेजारून चालत तिला अक्कल शिकवत होता. शेजारून चालत! म्हणजे व्हॅनचा वेग काय असेल ते बघा.

"मागे तीन मजली केक आहे," ती खिडकीतून म्हणाली. "पडला तर तुम्ही भरून देणार का?"

"छे. खायला मदत करेन फार तर."

तिला हसायचं नव्हतं. पण हसली.

बाबांची बेकरी होती आणि बाबांनी तिला गाडी शिकवली तीच मुळी मागे केक ठेवून. इंजिनाने आवाज चढवायच्या आत वरचा गिअर टाकायचा. ब्रेक असा दाबायचा की क्रीमच्या गुलाबाला पत्ताही लागू नये. आजवर तिच्या हातून एक गुलाब मोडला नव्हता. मात्र केक उतरवून झाला की ती जाळीला नाक लावून पळणाऱ्या गाड्या बघत उभी राहायची, हे काही बाबांना माहीत नव्हतं. त्या हेल्मेटवाल्याला माहीत होतं. तो तिथला प्रशिक्षक होता आणि त्याचं लक्ष नुसतं गाड्यांकडेच असायचं असं नाही.

"संघात नवशिक्यांसाठी एक जागा आहे," एकदा जाळीपलीकडून तो म्हणाला. "चाचणी द्या ना. वळण तर तुम्ही असं घेता की बघत राहावं."

"वळणाकडे... की माझ्याकडे?"

"एकाच खिडकीत दिसतं हो दोन्ही!"

बाबांना विचारायला तिला आठवडा लागला. पीठ चाळता चाळता बाबा थांबले. "गाडी पोचवायला शिकवली मी तुला. पळवायला नाही."

"एकदाच, बाबा. नाही जमलं तर पुन्हा नाव काढणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

म्हणजे संधी एकच होती. ती गेली की जन्मभर जाळीच्या अलीकडे.

सराव सुरू झाला. तो शेजारच्या सीटवर, ती स्टिअरिंगवर.

"थांबा... थांबा... अहो थांबा ना! मागे केक नाहीये!"

पण तिचा हात सवयीने आधीच गिअरवर जायचा आणि सरळ रस्त्यावर गाडी ढेपाळायची.

"आवाज चढू द्या," तो सांगायचा. "चढतो, चढतो, मग चढायचा थांबतो आणि नुसता ओरडायला लागतो. त्या ओरडण्याच्या एक श्वास आधी गिअर टाकायचा."

"तो श्वास कळायचा कसा, मास्तर?"

हेल्मेटमधून पुढचं काही ऐकू येईना. तेव्हा त्याने मांडीवरची तर्जनी हळूच उचलली. आत्ता! तिने गिअर टाकला आणि गाडी अशी झेपावली, अशी झेपावली, की तिच्या तोंडून किंकाळीच फुटली. आनंदाची!

मग ती रोज वेगवान होत गेली. बोट उचललं की गिअर. बोट स्थिर, तोवर तीही स्थिर. कसं छान चाललं होतं... आणि चाचणीच्या आदल्या दिवशी त्याने तो हात खुशाल मांडीखाली दाबून ठेवला. तिचे सगळे गिअर चुकले. गाडीने गचके खाल्ले.

"बोट काढा बाहेर!"

"उद्या मी शेजारी नसणार. एकटीने चालवायचंय. आणि तुम्ही रस्त्याकडे बघतच नाही, माझ्या बोटाकडे बघता."

"बोट बघण्यासारखं आहे, त्याला मी काय करू?"

बोलून गेली आणि झटकन हेल्मेटची काच खाली ओढली. त्याच्या हेल्मेटला काच नव्हती. बिचाऱ्याला लाल व्हायला आडोसाही मिळाला नाही.

चाचणीच्या दिवशी रिमझिम लागली. तिच्याआधीचे दोघे वळणावर गिरक्या घेऊन गवतात गेले. फेरी सुरू झाली. पहिल्या वळणातून बाहेर पडताना शिकवल्याप्रमाणे ती आवाज चढायची वाट बघत राहिली. आवाज चढला, पण भलताच, एकदम! चाकं ओल्यावर नुसती फिरत होती. गाडीने शेपूट हलवली. तिने शेजारी पाहिलं... सीट रिकामी.

कोण सांगणार आता? गाडीच सांगत होती की! एवढी ताकद झेपत नाहीये मला, वरचा गिअर दे.

"मागे केक आहे," ती स्वतःशीच पुटपुटली आणि लवकर, अगदी लवकर, बाबांसारखा अलगद गिअर टाकला. चाकांनी रस्ता धरला. मग ओल्या वळणांवर गुलाब सांभाळत आणि सरळ रस्त्यावर इंजिनाला शेवटच्या श्वासापर्यंत गाऊ देत ती सुटली. ओरडत होती, हसत होती. तेव्हा तिला बोटाची आठवणही राहिली नाही.

जागा तिचीच झाली.

तो कठड्याशी भिजत उभा होता, हात खिशात. "मी शेजारी असतो ना, तर पहिल्या वळणावर तुम्हाला गिअर टाकण्यापासून थांबवलं असतं," तो म्हणाला. "आणि चुकलो असतो."

"बाबांना सांगायला जायचंय," ती म्हणाली. सकाळी बाबांनी व्हॅनमध्ये एक छोटा केक ठेवला होता. "जमो न जमो, माझ्यासमोर कापायचा," एवढंच म्हणाले होते.

"मी चालवतो. आज तुम्ही नुसतं बसा."

व्हॅन फाटकाबाहेर पडली. पहिला, दुसरा... आणि दुसराच.

"मी काय म्हणत होतो..." तो म्हणाला.

"काय?"

"म्हणजे... असं की..."

रस्ता मोकळा होता, वेग वाढत होता आणि मास्तर काही गिअर बदलेनात. इंजिनाचा आवाज चढला, चढायचा थांबला, आता नुसता ओरडत होता. तिने त्याच्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्या लालभडक. मग मांडीवरची तर्जनी तिने हळूच उचलली.

त्याने ते बघितलं. तिसरा टाकला. व्हॅन शांत झाली.

"आवडतेस तू मला. जाळीला नाक लावून उभी राहायचीस ना, तेव्हापासून."

तिचं बोट उचललेलंच होतं. ते सावकाश खाली आलं, गिअरवरच्या त्याच्या हातावर.

"माझ्याकडे काय बघतोस?" ती म्हणाली. "रस्त्याकडे बघ. मागे केक आहे."