चिकटपट्टी लावलेली खिडकी

“आत्या, तुझ्या कॅमेऱ्यात भूत दिसतं काय गं?”

हा प्रश्न माझा नाही. दिपाली आणि ऋतिका या माझ्या मैत्रिणींनी पैज लावून मला तो विचारायला लावला. “वक्तृत्वात नंबर काढलास, लई धीट झालीस म्हणं! मग विचार की!”

मी काय मागं हटते? विचारला.

आत्या हसली. “ऊब असंल तर दिसंल. गार असंल तर न्हाई.”

इथवर तुम्हीही हसाल. पण पुढचं माझ्यासोबत घडलंय, आणि ज्याला खोटं वाटेल त्यानं निपाणीला यावं. खोली मी स्वतः दाखवते.

मी ब्राह्मी. दहावीत आहे. त्रिशला आत्या म्हणजे माझ्या आप्पांची बहीण, बेळगावात असते. घरं, दुकानं, दवाखाने तपासायची तिची नोकरी. ऊन कुठून आत शिरतं, एसीची गार हवा कुठून पळते, वीज किती वाया जाते, हे बघून इमारतीला प्रमाणपत्र द्यायचं. तिच्या कॅमेऱ्यात फक्त उष्णता दिसते. गरम ते केशरी, गार ते निळं.

या डिसेंबरात आमचा नवा फ्लॅट तयार झाला. जुनी तंबाखूची वखार पाडून तिथं बिल्डिंग उभी केलीय. फ्लॅटमधली शेवटची खोली माझी. आयुष्यात पहिल्यांदा माझी एकटीची खोली! रंगसुद्धा मीच निवडला.

राहायला जायच्या आधी आप्पांनी आत्याला फ्लॅट तपासायला बोलावलं. मी हट्टानं तिच्यासोबत गेले.

शनिवार होता. दिवस कलायला आलेला.

आत्यानं मुख्य दाराच्या चौकटीत लाल कापड ताणून बसवलं. त्यात मोठा पंखा. हा पंखा घरातली हवा बाहेर ओढतो, मग जिथं फट असेल तिथून बाहेरची हवा आत घुसते. आत्या उदबत्ती घेऊन भिंतीकडेनं फिरते. धूर हलला की तिथं फट.

माझ्या खोलीच्या खिडकीला कडी बसली नव्हती. म्हणून आत्यानं तिला चारी बाजूंनी रुंद चिकटपट्टी लावली.

जिना झाडणाऱ्या रुक्माबाई तेवढ्यात डोकावल्या. पूर्वी त्या याच वखारीत तंबाखू निवडायच्या.

“ती मागची खिडकीबी लावली व्हय?”

“व्हय मावशी, जरा वेळ.”

त्या झाडू तिथंच टाकून खाली निघून गेल्या.

पंखा सुरू झाला. घूंऽऽऽ...

थोड्या वेळानं आत्यानं बाहेर बघितलं. ती चौविहार पाळते, दिवस मावळल्यावर पाणीसुद्धा घेत नाही. डबा खाली गाडीत राहिलेला.

“दोन घास खाऊन येते. कशाला हात लावू नगंस.”

मी मान हलवली. कापडाची कड उचलून ती गेली.

आणि मी लगेच कॅमेरा उचलला! एका हातात कॅमेरा, दुसऱ्या हातात उदबत्ती. थेट माझ्या खोलीत.

पाठीमागं दार आपटलं.

पंख्यानं ओढलं असणार, मी मनात म्हटलं. घूंऽऽ आवाज येतच होता. दार ओढलं. उघडेना. आत्याला हाका मारल्या. त्या आवाजात काय ऐकू जाणार! मोबाईल हॉलमध्ये.

मग आवाज थांबला.

बरं झालं, आता दार उघडेल...

ओढलं. तसूभरही हललं नाही.

आणि तेव्हा लक्षात आलं. हायवेच्या गाड्या ऐकू येत नव्हत्या. निपाणीत तो आवाज कधीच थांबत नाही. खालची पोरं, कुत्री, मंदिरातली घंटा... काहीच नाही. कानात बोळे घातल्यासारखं.

उदबत्तीचा धूर खिडकीकडं ओढला गेला. लांब झाला.

थांबला.

मग परत माझ्या तोंडावर आला.

पुन्हा खिडकीकडं... पुन्हा माझ्याकडं.

कुणीतरी श्वास घेत होतं.

नव्या रंगाचा वास गेला आणि तंबाखूचा उग्र, झोंबणारा खाट उठला. माझ्या घशात खवखवलं. मी खोकले. खोकतच राहिले. कसाबसा खोकला थांबला...

आणि आणखी एक खोकला आला.

खिडकीच्या खालून.

मी कॅमेरा तिकडं धरला आणि फोटोचं बटण दाबत राहिले. कशासाठी, माहीत नाही. भिंत निळी होती. फरशीला लागून एक केशरी पंजा उमटला.

त्याच्या वर दुसरा.

पहिला विझायच्या आत तिसरा...

भिंतीवरून वर, काचेवर, मग चिकटपट्टीच्या कडेकडेनं. बोटं फट चाचपत होती.

माझे दोन्ही हात माझ्यापाशीच होते.

मला रडू फुटलं. पण एक सांगते, ते जे काही होतं ते माझ्याकडं वळलंच नाही. त्याला मी नकोच होते. त्याला बाहेर पडायचं होतं. मला पण बाहेरच पडायचं होतं!

मी उदबत्ती टाकली, पुढं झाले आणि चिकटपट्टी ओरबाडली. नख तुटलं. खिडकी ढकलली.

वारा आत यायला हवा होता ना?

तो माझ्या पाठीमागून आला. माझे केस खिडकीबाहेर उडत राहिले, किती तरी वेळ. एक जण जावा तसं नव्हतं ते, एकामागून एक कितीतरी जण जावेत तसं होतं...

मग हायवेचा हॉर्न ऐकू आला. दार आपोआप उघडं झालं.

दारात आत्या. हातात अर्धा डबा. “काय झालं गं? एवढी पांढरी का पडलीस?”

“तुझा पंखा... दार ओढून धरलं त्यानं...”

“पंखा? जायच्या आधीच बंद केलता मी. वायर काढलीय, बघ की.”

वायर खरंच काढलेली होती.

गाडीत बसून आत्यानं कॅमेऱ्यातले फोटो बघितले. बराच वेळ. मग म्हणाली, “तुझंच हात हाईत हे.”

“आत्या, पहिला पंजा फरशीला लागून हाय. मी वाकलेच न्हाई.”

तिनं कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. दिवस मावळला होता. उरलेला डबा तसाच राहिला.

आत्यानं रिपोर्ट दिला. घर चांगलं आहे, फक्त मागच्या खिडकीला रबराची पट्टी लावून ती घट्ट बसवावी. मी रुक्माबाईंना विचारायला गेले, तर त्यांनी काम सोडलं होतं.

काल जेवताना आप्पा म्हणाले, “उद्या पट्टी बसवायला माणूस येतोय. मग त्या खोलीत वाऱ्याची झुळूकसुद्धा शिरणार न्हाई.”

आई म्हणाली, “तू घाबरत असशील तर ती खोली आम्ही घेतो. आम्हाला काय होतंय?”

मी दोघांकडं बघितलं. दार लावलेलं, एसी चालू, खिडकी घट्ट, आणि हे दोघं गाढ झोपलेले...

मला भीती वाटते. अजून वाटते. हे लिहिताना मी आमच्या जुन्या घराची खिडकी सताड उघडी ठेवलीय. पण तेव्हा मी ताट बाजूला सारलं आणि स्पष्ट सांगितलं,

“ती खोली मीच घेणार. एसी नको. आणि त्या माणसाला सांगा, पट्टी लावू नको, खिडकीची दारंच काढून ने.”

“अगं, पाऊस आला तर?” आप्पा म्हणाले.

“भिजू दे. ती खिडकी आता कुणीच लावायची न्हाई.”