तांबडा ठिपका

वडवणीच्या बाजारादिवशी, भर दुपारी, धर्मराज माळ्यावर चढला तो जुना भोंगा काढायला. बायकोला, सुरेखाला, त्यात तुळस लावायची होती. भोंग्याच्या पोटातून निघाली गाण्याची तबकडी.

धर्मराजचे वडील आप्पा लग्नांत लाऊडस्पीकर लावायचे. जिथं सुई उचलायची तिथं तबकडीवर पांढरा ठिपका द्यायचा, ही त्यांची रीत. या तबकडीवरचा ठिपका तांबडा होता, वाळून तडकलेला. असली तबकडी वडवणीत आली कशी, हे मला विचारू नका. आप्पा म्हणजे भंगारातून तोफसुद्धा घरी आणणारा माणूस.

कव्हरवर व्हायोलिनवाले ओळीनं बसलेले, मधे केसाळ गिटारवाला. धर्मराजनं फोटो बीडच्या म्युझिक क्लासवाल्या बद्रीनाथ सरांना पाठवला. सरांचा लगेच फोन.

"जॅझ हाय हा. व्हायोलिन-चेलोचा चेंबर ऑर्केस्ट्रा, म्हंजी तारवाद्यांचा छोटा ताफा, त्यात गिटार मिसळून फ्यूजन. निघाला तवा कुणी ढुंकून पाह्यलं न्हाई. मीबी फक्त नाव ऐकलंय. लावून बघ."

धर्मराज बँजो पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. दहा बोटांवर घर चालत होतं, आणि रविवारी सीझनचं पहिलं लग्न होतं. एखादी नवी चाल सापडेल म्हणून त्यानं आप्पांचा प्लेअर पुसला.

सुरेखा दारात कोयत्यानं सरपण तोडत होती. "ती लावू नका. मामंजींची तीन बोटं ही लावली त्याच दिवशी गेली म्हणं."

"ऊस तोडताना गेली ती. तू कावून घाबरती?"

सुई टेकली. विहिरीत बादली उतरावी तशी व्हायोलिनं खाली खाली गेली. गिटार करवतीसारखी आली. मग ड्रम. खच्च. खच्च. खच्च.

"ठेका लई भारी हाय," धर्मराज म्हणाला.

सुई तांबड्या ठिपक्यावरून पुढं गेली, आणि धर्मराजचा उजवा हात उठला. त्यानं सुरेखाचा कोयता हिसकला. डावा पंजा आपणहून उंबऱ्यावर पसरला.

"अहो... काय करताय..."

"मी न्हाई करत. सुई उचल... सुरेखा, सुई..."

खच्च. करंगळी अंगणात उडाली; कोंबडी तिच्याकडं धावली. व्हायोलिनं चढली. खच्च. अंगठीसकट दुसरं बोट गेलं. कोयता पुन्हा वर गेला. सुरेखा रक्तावर घसरली, उठली, अन् तिनं माखल्या हातानं सुई उचलली.

कोयता गळून पडला.

तिसऱ्या दिवशी बद्रीनाथ सर बीडच्या दवाखान्यात भेटायला आले. सुरेखानं पिशवीतून तबकडी काढून त्यांच्यापुढं टाकली.

"घेऊन जा. चुलीत घातली तर जळंना."

सरांनी ती खिडकीपाशी धरली. दोन ठिपके होते. एक आप्पांचा, वाळून तडकलेला. थोडा पुढं दुसरा, परवाचा, सुरेखाच्या माखल्या बोटाचा.

"धर्मा, मी तर ही कधी ऐकलीच न्हाई," सर हळहळून म्हणाले.

पण त्यांची बोटं खाटेच्या दांड्यावर ठेका धरत होती. तीन ठोके. मग दोन. आणि मग, जिथं सुरेखानं सुई उचलली होती, त्याच्या पुढचे.